निळी पावडर, पिवळी पावडर, हिरवी पावडर

गटांच्या बैठकांमधून एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. "आम्ही धुण्याची पावडर करायचं प्रशिक्षण घेतलं. पावडर चांगली होते, फेस येतो, कपडे निघतात. पण दुकानदार ठेवून घेत नाही. निरमा आणि व्हील असताना ही कोण घेणार, म्हणतो." बाजार कसा शोधायचा, पॅकिंग कसं करायचं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला वाटलं, त्याआधी ही निरमा आणि ही व्हील दुकानाच्या फळीवर आली कशी, तेच एकदा नीट सांगावं. ती गोष्ट ऐकली की दुकानदार असं का म्हणतो ते उलगडतं.

आपल्या आज्या धुणं कशानं धूत? राख, रिठे, खारी माती आणि हातातलं धोपाटणं. साबणाची वडी आली ती इंग्रजांच्या बोटीतून. लिव्हर ब्रदर्स या कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरावर उतरल्या. त्याच घराण्यातली कंपनी पुढे हिंदुस्थान लिव्हर झाली. साबण बनतो तेलापासून किंवा चरबीपासून, त्यामुळे तेल महागलं की साबण महागतो. आणि साबणाची दुसरी अडचण तुम्हाला सांगायलाच नको: पाणी जड असलं, की साबण फेसाळत नाही आणि कपड्यावर पांढुरका चिकट थर बसतो. ७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडे बोअर वाढल्या आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जडच. अशा पाण्यात साबणाची वडी झिजते जास्त आणि धुते कमी.

हिंदुस्थान लिव्हरनं १९५९ साली सर्फ नावाची पावडर आणली. ही साबणाची पूड नव्हती. खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांपासून बनवलेली ती निराळी वस्तू होती आणि जड पाण्यातही ती फेस देत असे. बादलीत पावडर टाकायची, कपडे भिजत ठेवायचे, मग चोळायचे, ही रीत सर्फनं शहरातल्या बायकांना शिकवली. पुढची बरीच वर्षं पावडर म्हणजे सर्फ असंच समीकरण होतं. पण किंमत अशी, की पगारदाराच्या घरातही ती जपून वापरली जाई. गावात ती क्वचितच दिसे.

इथपर्यंत स्पर्धा अशी नव्हतीच. गोष्ट पुढे सुरू होते.

उत्तर गुजरातमधल्या शेतकरी घरातले करसनभाई पटेल रसायनशास्त्र शिकून अहमदाबादला सरकारी खात्यात नोकरी करत होते. १९६९ साली त्यांनी घराच्या मागच्या छोट्याशा जागेत धुण्याची पावडर कालवायला सुरुवात केली. हातानं सोडा आणि बाकीचं मिसळायचं, पिशव्या भरायच्या, आणि कामावर जाता-येता सायकलवरून घरोघरी विकायच्या. पावडरीला नाव दिलं निरमा. त्यांच्या मुलीचं नाव निरुपमा, ती पुढे अपघातात गेली. पाकिटावर गिरकी घेणारी पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

आता भाव ऐका. सर्फ किलोला सुमारे १३ रुपये होती, तेव्हा ही पिवळी पावडर सुमारे ३ रुपये किलोनं विकली जात होती. म्हणजे एका किलो सर्फच्या पैशात चार किलो निरमा, आणि वर मोड हातात.

एवढं स्वस्त परवडलं कसं? "नफा कमी ठेवला" असं एका वाक्यात उत्तर मिळतं, पण ते अपुरं आहे. पहिलं कारण आत काय घातलं याचं. धुण्याच्या पावडरीत मळ सोडवणारं मुख्य रसायन महाग असतं आणि सोडा स्वस्त असतो. निरमात सोड्याचं प्रमाण भरपूर होतं आणि महाग वस्तू कमी होत्या. कपडे पांढरेशुभ्र दाखवणारं द्रव्य, सुगंध, हाताला मऊपणा देणारं काही, यातलं सुरुवातीला जवळजवळ काहीच नव्हतं. सोडा मात्र एक मोठं काम करतो: जड पाणी हलकं करतो. म्हणून आपल्या पाण्यात ही पावडर चालली. दुसरं कारण कराचं. छोट्या उद्योगानं विजेच्या यंत्राशिवाय, हातानं माल केला, तर त्या काळी अबकारी करात सूट मिळत होती. सर्फच्या किमतीत तो कर धरलेला होता, निरमाच्या नव्हता. तिसरं, मोठं ऑफिस नाही, गुदामांची साखळी नाही, पगारी विक्रेत्यांची फौज नाही.

चौथं कारण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ते उधारीचं. सांगतात, की धंदा वाढला तेव्हा व्यापाऱ्यांकडे पैसे अडकायला लागले. तेव्हा करसनभाईंनी बाजारातला माल परत उचलला आणि जाहिरात मात्र जोरात सुरू ठेवली. बायका दुकानात विचारायला लागल्या, दुकानात पाकीट नाही. मग दुकानदार आणि व्यापारी रोख पैसे घेऊन मागे आले. ही गोष्ट सांगताना थोडी मीठ-मिरची लागली असेल. पण निरमाचा माल रोखीवर चाले हे खरं, आणि ज्या गटाची पापडाची उधारी गावातल्या तीन दुकानांत दोन-दोन महिने अडकून पडली आहे त्या गटाला यातला मुद्दा लगेच कळेल. तुमची वस्तू मागायला गिऱ्हाईक दुकानात येत असेल, तर अटी तुम्ही घालता. येत नसेल, तर दुकानदार घालतो.

गिऱ्हाईक दुकानात आणलं कोणी? आधी रेडिओनं. निरमाचं गाणं दूरदर्शनच्या आधी रेडिओवर वाजलं. टीव्ही पोचला नव्हता त्या घरातही ते पाठ झालं होतं. (रेडिओवाल्या म्हणून आम्हाला याचा थोडा अभिमान वाटतो, तेवढा चालवून घ्या.)

आणि मोठी कंपनी या काळात काय करत होती? फारसं काही नाही. हिंदुस्थान लिव्हरच्या लोकांचा समज असा, की सर्फ घेणारी बाई वेगळी आणि ती पिवळी पावडर घेणारी वेगळी. ती आपलं गिऱ्हाईक नाहीच, मग काळजी कशाची? हिशेबाच्या वह्यांत सर्फचा खप बघायचा आणि ठीक आहे म्हणायचं. पण जी बाई काल वडी वापरत होती, ती आज पावडरीकडे आली होती, आणि आली ती थेट निरमाकडे. सर्फचं गिऱ्हाईक पळवण्याआधी निरमानं नवं गिऱ्हाईकच तयार केलं. ते कंपनीच्या वहीत कधी नव्हतंच, म्हणून गेलेलं दिसलंही नाही. मग हळूहळू सर्फवाल्या घरांतही महिनाअखेरीला पिवळं पाकीट यायला लागलं. रोजच्या कपड्यांना निरमा, ठेवणीतल्या साडीला सर्फ. १९८५ च्या सुमाराला निरमा देशात सगळ्यात जास्त खपणारी धुण्याची पावडर झाली होती. सर्फ खूप मागे पडली.

तेव्हा सर्फनं ललिताजी आणल्या. कविता चौधरी यांनी केलेली ती जाहिरात, ॲलेक पदमसी यांच्या डोक्यातून आलेली. निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली, भाजी घासाघीस करून घेणारी, कुणाला न फसणारी बाई. तिचं म्हणणं असं, की स्वस्त आणि चांगलं यात फरक असतो, अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीचं काम करते. जाहिरात गाजली. ललिताजी आवडल्या सगळ्यांना, आम्हालाही आवडतात. पण त्यांचा हिशेब एका जागी अडत होता. अर्धा किलो सर्फ घ्यायलासुद्धा एका वेळी हातात सहा-सात रुपये लागत, आणि आठवड्याच्या मजुरीतून धुण्यासाठी तेवढे काढता येत नव्हते. घाऊक घेतलं तर स्वस्त पडतं हे गरिबीतल्या बाईला कळत नाही असं नाही. तिच्याकडे घाऊक घ्यायला पैसे नसतात.

जाहिरातीनं सर्फचं मानाचं स्थान राखलं. गेलेला बाजार काही परत आला नाही. कंपनीला उमगलं, की सर्फची किंमत थोडी खाली आणून हे भागणार नाही. निरमाशी लढायचं तर निरमासारखंच व्हायला हवं. यासाठी कंपनीत एक खास मोहीम आखली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीला त्यातून हिरवी पावडर आली, व्हील.

व्हील बघा कशी केली. कंपनीनं स्वतःच्या मोठ्या कारखान्यात ती बनवण्याऐवजी ठिकठिकाणच्या छोट्या कारखानदारांकडून बनवून घेतली, म्हणजे खर्च निरमाच्या पातळीला आला. शहरातल्या मोठ्या दुकानांपुरतं न राहता खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत माल नेला. पाकीट लहान, भाव निरमाच्या जवळ. आणि जाहिरातीत निरमाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं: हात.

इथे जरा थांबू या, कारण ही बाजू पुरुषांनी लिहिलेल्या व्यापाराच्या गोष्टींत एका ओळीत उरकलेली असते. सोडा जास्त असलेली पावडर हाताला लागते. बोटांची टोकं सोलतात, नखांच्या कडा फाटतात, हिवाळ्यात त्यातून रक्त येतं, आणि त्याच हातानं मिरची कुटायची असते. हे सगळ्यांना माहीत होतं. बायकांनी तरीही निरमाच घेतली, कारण पैशाचा हिशेब हाताच्या हिशेबाच्या आधी करावा लागतो. म्हणजे ३ रुपये किलो या भावातला काही भाग आपल्या हातांनी भरला, पाकिटावर न छापलेली किंमत म्हणून. निरमानं लाखो घरांत पावडर पोचवली, दगडावर तासन्‌तास आपटण्याचं काम हलकं केलं, ही मोठीच गोष्ट. आम्ही ती नाकारत नाही. पण हाताची जळजळ कंपन्यांच्या बोलण्यात आली ती दोन कंपन्या भांडायला लागल्यावर. व्हीलनं म्हटलं, आमची पावडर हाताला कमी जाचते. बायकांच्या तक्रारीला उत्तर म्हणून ते आलं नव्हतं. विक्रीचा मुद्दा म्हणून आलं होतं. तरी आलं, आणि त्यानंतर स्वस्त पावडरीतसुद्धा हाताचा विचार करावा लागला. स्पर्धेचा फायदा गिऱ्हाइकाला मिळतो म्हणतात, तो असा आडवाटेनं मिळतो.

व्हील चालली आणि पुढे निरमाच्याही पुढे गेली. मग कानपूरहून घडी आली. तीही छोट्या जागेत, दोन भावांनी सुरू केलेली, आणि २०१० नंतर तिनं व्हीललाही मागे टाकल्याच्या बातम्या आल्या. तिकडे वरच्या बाजूला १९९१ मध्ये परदेशी एरियल उतरली. २००४ साली तिच्या कंपनीनं एरियल आणि टाइडचे भाव एकदम खाली आणले, त्याला तोंड द्यायला हिंदुस्थान लिव्हरला सर्फ एक्सेलचे भाव पाडावे लागले, आणि त्या वर्षी दोन्हीकडे नफ्याला कात्री लागली. हत्तींची झुंज म्हणून हे बघायला बरं वाटतं. आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध थोडाच.

आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो निरमानं मधल्या काळात केलेल्या एका गोष्टीचा. हातानं कालवण्याचे दिवस मागे पडले होते. आता खर्चात मुख्य वाटा सोड्याचा, आणि तो दुसऱ्याकडून विकत घ्यायचा म्हणजे दुसऱ्याच्या भावावर जगायचं. म्हणून निरमानं गुजरातमध्ये भावनगरजवळ स्वतःचा सोड्याचा कारखाना उभारला. पावडरीतलं मुख्य रसायनही स्वतःच बनवायला घेतलं. २००७ साली तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली, वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यातून सोडा काढणारी एक जुनी कंपनी विकत घेतली. सायकलवरून सुरू झालेला धंदा अमेरिकेतल्या तळ्यापर्यंत पोचला, तो सोड्यासाठी.

आता गटाची पावडर त्या फळीवर ठेवा. आपण सोडा आणतो तालुक्याच्या व्यापाऱ्याकडून, तो जिल्ह्याच्या व्यापाऱ्याकडून, तो कारखान्याकडून. स्लरी आणतो कॅननं. प्रत्येक टप्प्यावर कुणाचा तरी नफा. वर्षाला ४० लाखांच्या आत विक्री असली तर माल विकणाऱ्या गटाला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, हे खरं. पण सोडा आणि स्लरी घेताना त्यावरचा कर आपण भरलेलाच असतो आणि नोंदणी नसल्यानं तो वळता करून घेता येत नाही. करसनभाईंना छोटेपणाची सूट मिळाली ती समोरच्याच्या किमतीत कर असताना आणि समोरचा स्वस्तात उतरायला तयार नसताना. तेव्हा ३ रुपये आणि १३ रुपये यांच्या मध्ये मोकळं रान होतं. आज त्या रानात निरमा आहे, व्हील आहे, घडी आहे आणि १० रुपयांचे पुडे आहेत. दुकानदार नाही म्हणतो तेव्हा त्यानं आपल्या गटाला हलकं लेखलं असंच काही नसतं. तो फळीवरची जागा मोजत असतो.

मग बायकांच्या हाती काही लागलं का? लागलं, पण बघा कुठे. त्याच १९५९ साली, सर्फ आली त्याच वर्षी, मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. ते लिज्जत. तिथं पीठ, डाळ, मसाला एकत्र घाऊक घेतात, पीठ एका जागी मळतात, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि वजनावर मजुरी घेतात. लाटणाऱ्या सगळ्या जणी संस्थेच्या मालकीण. मालाची खरेदी आणि चव मोठ्या धंद्यासारखी एका हातात, लाटणं मात्र हजारो हातांत. आणि पापड पातळ, गोल, सारखा लाटण्याचं कसब हातातच असतं. लिज्जतनं पुढे सासा नावाची धुण्याची पावडर आणि साबणही काढले. ते विकले जातात, पण लिज्जत म्हटलं की तुमच्या तोंडात पापडच येतो. आम्हाला त्याचं कारण असं दिसतं, की पापडात लाटणाऱ्या हाताला किंमत आहे आणि पावडरीत कालवणाऱ्या हाताला नाही. कोणीही कालवलं तरी सोडा तो सोडाच.

दुसरी वाट कंपनीनं स्वतः आपल्या दारात आणली. २००० नंतर हिंदुस्थान लिव्हरनं आंध्रातल्या तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यात शक्ती नावाची योजना सुरू केली. छोट्या गावात ठोक व्यापारी जात नाही, गाडी परवडत नाही, पण बचत गट आहे. गटातल्या बाईनं कर्जावर माल घ्यायचा आणि गावात घरोघर विकायचा. पुढे देशभर अशा एक लाखावर बाया झाल्या. करसनभाई सायकलवरून जे करत होते, ते काम आता कंपनीसाठी गटातली बाई करू लागली. तिला कमिशन मिळतं, चार घरांत ओळख होते, व्यवहार कळतो. आम्ही ते कमी मानत नाही. फक्त पावडरीचा भाव, पाकिटातले ग्रॅम आणि आत सोडा किती, हे ठरवणारी ती नसते, आणि माल पडून राहिला तर कर्ज मात्र तिच्या नावावर असतं. असं काम घ्यायचं असेल, तर न विकलेला माल परत घेणार का, हा प्रश्न सही करायच्या आधी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

आणि प्रशिक्षण घेऊन बसलेल्या गटांनी काय करावं? दुकानाच्या फळीवर १० रुपयांच्या पुड्याशेजारी बसायची हौस सोडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्या गटांची पावडर खपते ती बहुतेक सुटी, पाच-दहा किलोच्या पिशवीत, ओळखीच्या ठिकाणी: वसतिगृह, खानावळ, लग्नाचा मांडववाला, दूध संकलन केंद्र. तिथं चित्राच्या पाकिटाला पैसे जात नाहीत आणि पाणी कसं आहे ते बघून सोडा कमी-जास्त करता येतो. हाताला लागते का, हे विचारायला आपण समोर असतो. पैसे मात्र रोख.

एक काम सांगतो. उद्या दुकानात गेलात की धुण्याच्या पावडरीचा १० रुपयांचा पुडा हातात घ्या आणि निव्वळ वजन किती ग्रॅम लिहिलंय ते बघा. घरात जुना पुडा सापडला तर त्याचंही बघा. किंमत तीच ठेवून ग्रॅम कमी करणं ही या स्पर्धेतली सध्याची चाल आहे, ती पाकिटावरच छापलेली असते. गावाचं नाव, पावडरीचं नाव आणि ग्रॅम असं लिहून केंद्रावर पाठवा, किंवा नेहमीच्या नंबरावर फोन करून सांगा. पुढच्या भागात गावोगावचे आकडे वाचून दाखवू.